वेशीपासून बारावं घर

“...आन् लांब का म्हनून उभा ऱ्हाऊ? भ्यालासा का काय मला, बाबा?”

“हो, भ्यालो. तिथंच थांब.”

जिवबाला हसू फुटलं. उभा डोंगर चढून तो घामानं निथळत होता. खांद्यावर पाच शेरांचा हातोडा होता. आणि समोर, कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्याशी, लतीफबाबा घोंगडी पांघरून बसले होते. गुडघ्यांखाली त्यांचे पाय नसल्यात जमा. असल्या माणसानं भ्यायचं नाही तर कुणी भ्यायचं?

दोघांच्या मधे, एका सपाट दगडावर, उन्हात ती पेटी होती.

विटेएवढी, पिवळी. वर धरायला कडी, पाठीवर काळी काच. त्या काचेला ऊन लागलं की पेटी जिवंत व्हायची.

टकटक... टक... टकटकटक...

जिवबाचं हसू जागच्या जागी आटलं.

करंजढोकात या आवाजाला जेवढे भीत तेवढे वाघाला भीत नसत. मोठ्या उजेडाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. एका दुपारी आभाळात दुसरा सूर्य निघाला, शहरं गेली, आणि ती यंत्रांनी नेली, एवढं गावाला पक्कं ठाऊक होतं. बाकी काही ठाऊक करून घ्यायची कुणाची छाती नव्हती.

ओसाड शहरात यंत्रं तशीच पडू दिली तर ती एक दिवस आपसूक उठतील, ही गावाची मोठी धास्ती. म्हणून सापडेल ते, तारा म्हणा, चाकं म्हणा, डबे म्हणा, ओढून आणायचं आणि चैत्रभर वेशीबाहेरच्या दगडावर फोडायचं. फोडलेल्या तुकड्यांना म्हणायचं दात. ते दात दाराला, पाळण्याला, गळ्यात बांधायचे. मेलेल्या यंत्राचे दात दिसले की जितं यंत्र त्या घराकडे फिरकत नाही, असा सगळ्यांचा समज होता.

आणि जितं यंत्र घेऊन कुणी वेशीच्या आत पाऊल टाकलं, तर त्याचे दोन्ही गुडघे फोडायचे. तेही काम यंत्रं फोडणाऱ्या फोड्याचंच.

फोड्याचा मान सहा वर्षं जिवबाकडे होता. एक्याऐंशी यंत्रं त्यानं फोडली होती आणि आकडा तो न विचारता सांगायचा.

एक गोष्ट मात्र तो सांगत नसे. लहानपणी शेरडं घेऊन तो याच टाक्यावर यायचा. इथल्याच धुळीत लतीफबाबांनी त्याचं बोट धरून अक्षरं गिरवून घेतली होती. पेटी तेव्हाही होती, पण झोळीच्या काळोखात मुकी. मग सहा वर्षांमागे गल्लीच्या टोकाच्या, बाराव्या घरातली माणसं एकाएकी वाळायला लागली. ते कळल्यावर बाबा भर दुपारी पेटी हातात घेऊन वेशीतून आत शिरले. पेटी पावलागणिक जास्त ओरडत होती. लोकांनी त्यांना पाचव्या घरापाशी आडवं पाडलं.

जिवबाला फोड्या होऊन आठच दिवस झाले होते. हातोड्याचा पहिला घाव त्यानं बाबांच्या गुडघ्यावर घातला.

पेटीवर मात्र त्याचा हात उठला नाही. ती बाबांच्या छातीशी होती आणि टकटकत होती. गावानं बाबांना पेटीसकट बाजेवर घालून डोंगरावर आणून टाकलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत बाराव्या घरातली चारही माणसं गेली. पेटीनं नजर लावली आणि घर बसलं, असं गाव म्हणालं. जिवबाही तेच म्हणाला.

त्यानंतर तो आज पहिल्यांदा वर आला होता.

“पाटलानं धाडलंय,” तो म्हणाला. “आज फोडीचा शेवटचा दिस. ही ब्याऐंशीवी.”

“पाटलानं धाडलं म्हणून आलास?”

जिवबानं हातोडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“चार दिवस भाकरी आली नाही,” बाबा म्हणाले. “हौसाला बरं नाही का?”

“कसली भाकरी?”

“मधल्या टप्प्यावरच्या दगडाखाली ठेवून जायची. सहा वर्षं. तुला सांगितलं नसेल.”

जिवबा बघतच राहिला. हौसा त्याची बायको. घरात डोळा वर करून बोलायची नाही, आणि त्यानं ज्याचे गुडघे फोडले त्याला सहा वर्षं भाकरी घालत होती! त्याला राग यायला हवा होता. पण राग आलाच नाही. तो मटकन खाली बसला.

“ती जाती का काय, बाबा...”

“काय होतंय?”

“पोटात अन्न ठरत न्हाई. केस विंचराय घेतलं की झुबका हातात येतो. हिरड्यातनं रगत. आन् आठवा लागलाय तिला. पयलं पोर गेलं, तवा म्या लई सोसलं. आता...” त्यानं पेटीकडे बोट केलं. “हिनं नजर लावलीया. बाराव्या घराला लावली तशी. हिला फोडली की हौसा वाचंल. पाय धरतो तुमचं, मधे येऊ नगा.”

पाय धरतो म्हणाला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

बाबांनी घोंगडी सावरली. त्यांचाही चेहरा उतरला होता. पण ते जिवबाकडे पाहत नव्हते, पेटीकडे कान लावून बसले होते.

“मग फोड,” ते म्हणाले.

“आँ?”

“तिला वाचवायला आलास ना? फोड.”

म्हातारा रडेल, अंगावर येईल, शाप देईल, अशा सगळ्या तयारीनं जिवबा आला होता. या एका शब्दाची तयारी त्यानं केली नव्हती. तो उठला. हातोडा दोन्ही हातांत घेतला. एक पाऊल टाकलं.

टकटकटकटक...

दुसरं टाकलं. टकटकीतलं अंतरच सरलं. तव्यावर लाह्या तडतडाव्यात तशी पेटी तडतडायला लागली. जिवबा दचकून चार पावलं मागे सरला. आवाज खाली आला.

तो पुन्हा पुढे झाला. आवाज पुन्हा चढला.

“भ्याली!” जिवबा ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. “बगा, बाबा! हातुडा बगून भ्याली ती मला!”

“असेल. हातोडा तिकडे लांब ठेव आणि परत ये.”

“का?”

“भीती कशाची आहे ते कळेल.”

जिवबाला ते पटलं नाही, पण जुनी सवय. धुळीत अक्षर चुकलं की बाबा असंच म्हणायचे, पूस आणि परत काढ. त्यानं हातोडा वीस पावलांवर नेऊन ठेवला. रिकाम्या हातांनी परत आला.

टकटकटकटकटक...

“कमी झाला?”

जिवबानं मागे वळून हातोड्याकडे पाहिलं.

“मुंडासं काढ. तेही ठेव.”

ठेवलं. पेटी तशीच ओरडत होती.

“अंगरखा.”

अंगरखा काढताना जिवबानं तोंड वाकडं केलं. कापड छातीला चिकटलं होतं. छातीच्या मधोमध तळहाताएवढी जागा लालबुंद सोलवटली होती आणि तिच्यातून लस गळत होती. त्या जागेवरच, काळ्या दोऱ्यात, कापडाच्या पुरचुंडीत बांधलेलं काहीतरी लोंबत होतं.

बाबा एकदम ताठ झाले.

“ते काय?”

“दात हाय.”

“कशाचा?”

“रांजणाएवढं एक धूड घावलं शहरात, मोडक्या दवाखान्यात. भिताडं ही एवढी जाड, शिशाची. पाडव्याला फोडाय घेतलं ते तीन दिस फोडत व्हतो. बाकीची थकली, म्या न्हाई थकलो.” बोलताना एवढ्या भीतीतही त्याची मान जराशी वर झाली. “आत पेल्याएवढा डबा. त्यात त्याचा डोळा व्हता. अंधारात निळा दिसायचा, मेल्यावर बी. असला दात गावात कुनालाच न्हाई.”

“जिवा,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “ते गळ्यातून काढ. दोऱ्याला धर, पुरचुंडीला हात लावू नकोस. तिकडे, हातोड्यापाशी ठेव. आणि पळत ये.”

जिवबानं तसं केलं. परत येताना त्याचे कान पेटीवर होते.

टकटक... टक... टक.

तो पेटीच्या अगदी जवळ आला. गुडघ्यावर बसला. कान लावला.

टक... टक...

वाऱ्यानं गवत हलावं तेवढाही आवाज नाही.

“लबाड बोलतीया ही,” जिवबा पुटपुटला. “तुमचं ऐकतीया. तुमीच कायतरी करताय.”

“मग तूच घे हातात.”

जितं यंत्र हातात घ्यायचं! जिवबाचे हात काखेत गेले, लहान मुलाचे जातात तसे. खाली गाव, वेस, दगड, एक्याऐंशी यंत्रं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. मग हौसाच्या केसांचा झुबका आठवला. त्यानं डोळे मिटून कडीला हात घातला आणि पेटी उचलली.

ती गरम होती, उन्हानं. बाकी काही झालं नाही.

तो हातोड्याकडे चालायला लागला. दहा पावलांवर पेटी कुजबुजली. पाच पावलांवर बोंबलायला लागली. पुरचुंडीपासून हातभर अंतरावर आवाजाची एकच सलग किंकाळी झाली. जिवबा तोल जाऊन मागे पडला, पण पेटी त्यानं सोडली नाही. तो फिरला. बाबांच्या दिशेला धरली, टाक्याच्या पाण्यावर धरली, आभाळाकडे धरली. टक... टक... पुन्हा पुरचुंडीकडे धरली, आणि पुन्हा तीच किंकाळी.

हातोड्याच्या तोंडाशीही ती ओरडली. जरा कमी, पण ओरडली.

जिवबा रांगत रांगत बाबांपर्यंत आला.

“बाबा... त्ये मेलेलं न्हाई?”

“नाही.”

“म्या फोडलं की!”

“ते कोंडलेलं होतं. तू बाहेर काढलंस.”

“मग कुनी कोंडलं व्हतं?”

“त्यालाही भीती वाटत होती. म्हणून भिंत एवढी जाड केली.”

खालून, वेशीकडून, हलगीचा पहिला ठोका आला. फोडीच्या दगडाभोवती गाव जमायला लागलं होतं.

“पुरचुंडीत काय आहे? सगळा डबा?” बाबांनी विचारलं.

“अर्धा. फुटला त्याचं दोन वाटं केलं.”

“दुसरा वाटा कुठं आहे?”

जिवबानं आपला उजवा तळहात उचलला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. बेंबीच्या जरा वर. हौसाच्या पोटावर त्यानं स्वतःच्या हातानं गाठ मारली होती, तिथं.

“तीन आठवडं झालं,” तो कसाबसा म्हणाला. “म्हनलं, पयलं गेलं... ह्ये ऱ्हाऊ दे...”

आणि तो असा रडायला लागला की बाबांना घोंगडीतून हात काढून त्याच्या पाठीवर ठेवावा लागला. सहा वर्षांनी त्या पाठीला तो हात लागत होता. बाबाही रडत होते. दोघांनाही लाज वाटली नाही.

“आता ऐक,” थोड्या वेळानं बाबा म्हणाले. “गळ्यातला तुकडा काठीनं त्या कपारीत ढकल आणि वर दगड रच. घरी गेलास की हौसाच्या पोटावरचा दोरा काप. हात लावायचा नाही, चिमट्यानं धरायचं. ते शिशाचं धूड कुठं पडलंय?”

“दगडापाशी. येशीबाहेर.”

“त्याच्या पोटात टाक. मग हौसाला इकडे टाक्यावर घेऊन ये. इथलं पाणी चांगलं आहे, तिला डोक्यापासून अंघोळ घालू. पण आधी पेटी तिच्या अंगावरून फिरव. लुगड्यावरून, अंथरुणावरून. त्याची भुकटी सांडली असेल, ती डोळ्यांना दिसत नाही. जिथं पेटी ओरडेल ते तिथंच टाकून ये. भुकटी सोबत आणलीस तर दोरा कापून काही उपयोग नाही.”

“पेटी... आत न्यायची?”

“नाहीतर कळणार कसं?”

जिवबानं कपारीचं काम केलं. हात यंत्रासारखे चालले आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. मग पेटी उचलून तो वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. तिथून गाव सबंध दिसतं. दगडाभोवती माणसांचं कोंडाळं, मधे हलगीवाला, आणि कोंडाळ्याच्या मागे वेस, वेशीच्या मागे गल्ली. माणसं वर पाहत होती. त्याचीच वाट पाहत होती, पेटी आणि हातोडा घेऊन तो येईल म्हणून.

हातोडा तर वर राहणार होता.

“बाबा, ही गप बसत न्हाई. झाकून नेली तरी काखंत काय हाय ते समद्यांस्नी कळंल, आन् भुकटी बगाय उन्हात उघडली की समदी ऐकनार. ती मला आडवं पाडतील.”

“पाडतील.”

“फोड्या मीच हाय. पन पाटील दुसरा नेमील. धा जण टपूनच हायेत.”

“हो.”

“माझं गुडघं...”

त्याची नजर घोंगडीकडे गेली आणि तिथंच अडकली. सहा वर्षं त्यानं तिकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, नीट पाहिलं. दोन्ही गुडघे आपल्याच हातोड्यानं फोडलेले आहेत, आणि ते कसे मोडले, केवढा आवाज झाला, बाबा तेव्हा काय ओरडत होते, ते सगळं त्याला ऐकू आलं. बाबा सोडा म्हणून ओरडत नव्हते. टोकाच्या घराकडे हात करून ओरडत होते.

“मला भ्या वाटतंय, बाबा. पाय उचलत न्हाई.”

हलगी चढत होती. पेटी त्याच्या हातात हळू बोलत होती. टक... टक...

बाबा पुढे सरकले. हातांवर, घोंगडी मागे टाकून, फरफटत. वाटेच्या तोंडापर्यंत आले आणि त्याच्या शेजारी बसून खाली गावाकडे पाहत राहिले.

“वेशीपासून तुझं घर कितवं रे?”

“तिसरं.”

“तिसरं...”

बाबांनी डोळे बारीक करून अंतर पाहिलं. मग जिवबाच्या पोटरीवर हलकी थाप मारली, जनावराला वाटेला लावताना मारतात तशी.

“मला बाराव्यात जायचं होतं. तू पोचशील.”